सात भोकांची फळी

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. एका माणसावरचा तर अजून गेलेला नाही, आणि तो माणूस वाईट नव्हता, ही त्यातली जास्त त्रासाची गोष्ट. वाईट माणसानं फसवलं तर चार शिव्या हासडून मोकळं होता येतं. ज्याच्याकडून आपण विचार करायला शिकलो त्यानंच केसानं गळा कापला, तर शिव्यासुद्धा त्यानं शिकवल्याप्रमाणे नीट तपासून द्याव्या लागतात.

मी तेव्हा मुळशीच्या एका आडबाजूच्या खोऱ्यात शाळामास्तर होतो. वय बावीस. बाजारात अजून शेर-अच्छेर चालत होतं, किलो यायचा होता. पौडपर्यंत एसटी यायची, पुढं ज्याचे त्याचे पाय. खोऱ्यात सात वस्त्या. सगळ्यात मोठं खालचं गाव. ते ओढ्याच्या अलीकडे, पौडच्या वाटेला. बाकीच्या सहा ओढ्यापलीकडे: दोन मधली गावं, आणि खिंड चढून गेलं की तीन वाड्या आणि एक धनगरवाडा. माझी शाळा खालच्या गावात, आमचं घर मधल्या गावात, आणि माझी थोरली बहीण, आक्का, वरच्या वाडीत दिलेली.

आक्काचा पहिला मुलगा ओढ्याच्या काठावर गेला. भादव्यात पोराला हगवण लागली. मेव्हण्यानं घोंगडीची झोळी करून बांबूला बांधली, शेजाऱ्यानं दुसरं टोक धरलं आणि दोघं पौडला निघाले. ओढ्याला पाणी होतं. ते उतरायची वाट बघत सगळे काठावर बसले, आणि पाणी उतरायच्या आत पोर गेलं. परत नेऊन घरामागच्या जांभळीखाली पुरलं. तेव्हापासून मेव्हण्याचं एकच पालुपद होतं, की वाडी सोडू, खाली जाऊ, मजुरी करू. आक्का ऐकत नव्हती. तिची नाचणीची खाचरं वर होती, दोन म्हशी वर होत्या, आणि जांभूळ वर होती. ती म्हणायची, "त्याला एकल्याला टाकून मी कशी जाऊ?"

अशात आमच्या खोऱ्याला सरकारी दवाखाना मंजूर झाला. एकच. तो कुठं बांधायचा यावरून सात वस्त्यांची सात मतं झाली आणि गटविकास कार्यालयानं हात टेकले. मग पुण्याच्या एका कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक आले. माणसांच्या प्रश्नांना गणित लावायचं असा त्यांचा नाद होता आणि त्यांना त्यासाठी एक खरं खोरं हवं होतं. आम्ही सापडलो.

आमच्याकडे नकाशा घेऊन आलेला माणूस दिसला की म्हातारी माणसं दार लोटून घेत. एक पिढी आधी असाच नकाशा आला आणि मागून धरणाचं पाणी आलं, हे कुणी विसरलं नव्हतं. सरांना हे मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर तुम्ही हवेत, गुरुजी. मी बोललो तर तो साहेब बोलला. तुम्ही बोललात तर घरचा माणूस बोलला."

त्या वाक्यानं मी इतका फुगलो, की त्याचा अर्थ काय हे कळायला वर्ष लागलं.

पहिल्याच आठवड्यात सरांनी वर्गात एक सागाची फळी आडवी ठेवली. दोन बाकांच्या मधे, खाली मोकळी जागा. फळीला सात भोकं, तूर्त अंदाजानं पाडलेली. प्रत्येक भोकातून एकेक सुतळी खाली सोडलेली आणि सातही सुतळ्यांची वरची टोकं फळीवर एकाच गाठीत बांधलेली. खालच्या टोकाला वाळूच्या पिशव्या टांगायच्या. भोक म्हणजे वस्ती, वाळू म्हणजे त्या वस्तीतली माणसं, दहा माणसांना एक तोळा, म्हणजे बारा मासे. प्रत्येक पिशवी गाठीला आपल्याकडे ओढते. ओढाताणीत गाठ सरकत सरकत एका जागी थांबते. सर फळीला टिचकी मारायचे, कारण सुतळी खरखरीत असते, अडते. टिचकी मारली की गाठ खऱ्या जागी जाते. "ही जागा अशी," ते म्हणाले, "की सगळ्या माणसांची मिळून चाल इथं सगळ्यात कमी होते. ती मी ठरवत नाही, सरपंच ठरवत नाहीत. ती माणसांच्या वजनानं ठरते."

मी बघतच राहिलो. भांडणाशिवाय निकाल लागताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

भोकं कुठं पाडायची हा मात्र सहा महिन्यांचा उद्योग होता. सरांना अंतर मैलात नको होतं, वेळात हवं होतं. अर्ध्या तासाला एक इंच. त्यांनी मला एक हातघड्याळ दिलं. मी तरणाताठा, आठवडाभरात सगळ्या वाटा तुडवून आकडे घेऊन गेलो. त्यांनी कागद बघितला आणि परत दिला. "ही तुमची चाल झाली, गुरुजी. आजारी माणूस तुमच्या चालीनं येत नाही. डोक्यावर ओझं असलेल्या बाईच्या मागून चाला, आणि पावसात चाला. ओढ्याला पाणी असेल तर थांबलेला वेळसुद्धा चालण्यातच धरा."

हे असं बोलणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार नाही? काठावर बसून राहिलेल्या झोळीचा वेळ त्या माणसानं हिशेबात धरायला लावला होता. त्या दिवशी मी मनातून त्यांचा झालो.

आषाढ-श्रावणात मी बायांच्या मागून चाललो. आक्काच्या डोक्यावर फाट्यांची मोळी, अंगावर इरलं आणि मागं मी घड्याळ घेऊन.

"माज्या मागं घड्याळ घिऊन काय फिरतुयास?" ती म्हणाली. "म्हशीच्या मागं तरी फीर, ती दूध तरी दील."

"आक्का, तुज्या चालीवर दवाखाना ठरनार हाय."

"मग हळू चालू का बिगी?"

"रोज चालतीस तशी चाल."

ती रोजच्यासारखी चालली. मला आजही वाटतं, तिनं त्या दिवशी दोन वेळा जास्त थांबून श्वास घ्यायला हवा होता. पण तिला खोटं जमायचं नाही.

त्या वेळांचा नकाशा कागदावर उतरला तेव्हा ओळखू येईना. पावसाळ्यात आमचं खोरं ताणून लांब झालं होतं. खालचं गाव एका टोकाला दूर गेलं होतं आणि बाकीच्या सहा वस्त्या ओढ्यापलीकडे एकमेकींजवळ राहिल्या होत्या. सरांनी त्याप्रमाणे नव्या फळीला भोकं पाडली.

हिवाळ्यात माणसं मोजली. दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारायचा, घरात माणसं किती? मी प्रत्येक उंबऱ्यावर सांगायचो, फळी कुणाची बाजू घेत नाही, तुम्ही खरं सांगा म्हणजे ती खरं सांगेल. म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडं बघायची आणि मग सांगायची. मी त्यांना शब्द देत होतो, हे मला कळत होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

वरच्या वाडीत आक्काच्या ओट्यावर बसलो. तिनं सासू, सासरा, दीर, नवरा आणि आपण अशी बोटं मोजली. मग विचारलं, "एका मानसाची वाळू किती?"

"मासाभराहून वाईच जास्त."

"मग मासाभर जास्ती धर," ती हळूच म्हणाली. तिला तिसरा महिना होता.

मी काय सांगावं! मी सरांचा चेला. मी पेन्सिल कानावर ठेवली आणि सख्ख्या बहिणीला धडा दिला. "आक्का, जे हितं न्हाई ते धरता येत न्हाई. आज तुला सूट दिली तर उद्या समदेच मागतील."

"बरं," ती म्हणाली. "तू शिकलेला. पर दवाखाना खिंडीत आला तर मी हितंच ऱ्हाईन. न्हाई आला तर औंदा ह्ये मला खाली नेनारच. येवढं ध्यानात ठेव."

"फळी बघंल ते," मी म्हणालो.

माघाच्या शेवटी मोजणी पुरी झाली. मी कागदावर सही केली, पिशव्या शिवल्या, वाळू भरली आणि आम्ही गाठ सोडली. गाठ जी सुटली ती सरळ खालच्या गावाकडं धावत गेली आणि भोकात जाऊन बसली. टिचकी मारली तरी हलेना.

माझा चेहरा बघून सरांनी समजावलं. एका गावाचं वजन बाकी सगळ्यांच्या मिळून वजनाहून जास्त झालं, की मग अंतराला किंमत राहत नाही. गाठ त्या गावातच जाते, बाकीचे कितीही लांब असोत. "पण ते खरं आहे," ते म्हणाले, "असंच समजा. आपल्याला आवडलं नाही म्हणून आकडे बदलायचे नसतात."

मी मान डोलावली. पण खालचं गाव इतकं मोठं आहे, हे मला पटत नव्हतं. मी तिथं रोज शिकवत होतो. सकाळी पाणवठ्यावर मला बाया दिसायच्या, म्हातारे दिसायचे, पोरं दिसायची. मग माझ्या वहीतले एवढे बाप्ये कुठं होते?

ते मला चैत्रात सापडले, खालच्या गावच्या जत्रेच्या पंगतीत. आमच्या भागात देवाच्या पंगतीला घराघरानं आपापल्या पत्रावळी मांडायच्या अशी रीत. मी वाढायला होतो. भात वाढत निघालो आणि लक्षात आलं, की दर तीन-चार पत्रावळींनंतर एक पत्रावळ अशी, की तिच्यामागं माणूसच नाही. नुसती पत्रावळ, पुढं पाण्याचा तांब्या. तिच्यावरही वाढायचं असतं. मी लहानपणापासून वाढत आलो होतो. ती मुंबईला गेलेल्याची पत्रावळ. कुणी डबे पोचवायला, कुणी गोदीत, कुणी गिरणीत. वर्षं वर्षं तिकडंच. पण तो गेला असं घरात कुणी म्हणत नाही. त्याचं पान मांडतात, वाढतात आणि पंगत उठली की आई ते उचलून गाईपुढं ठेवते.

भाताची पाटी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. "घरात माणसं किती?" असं मी विचारलं होतं, आणि प्रत्येक घरानं आपली पानं सांगितली होती. कुणी खोटं बोललं नव्हतं. मीही त्याच मातीतला, म्हणून मलाही ते खटकलं नव्हतं. पुण्याच्या माणसानं मोजलं असतं तर त्यानं विचारलं असतं, रात्री इथं निजतात किती? ते सुचण्याइतका मी परका नव्हतो. मधल्या गावांतून आणि वरच्या वाड्यांतून मुंबईला कुणी गेलं नव्हतं, कारण मुंबईला जायलाही आधी तिथं आपला कुणी असावा लागतो. म्हणून ही सगळी रिकामी पानं एकट्या खालच्या गावाच्या पिशवीत पडली होती.

आठ दिवसांत मी पुन्हा मोजणी केली. फक्त इथं राहणारे धरले. खालच्या गावासाठी नवी पिशवी शिवली, लहान. तिला खूण म्हणून तांबड्या दोऱ्याचा टाका घातला. शाळा सुटल्यावर एकट्यानं फळी मांडली. गाठ खालच्या गावाकडं थोडी गेली, थबकली, परत फिरली. टिचक्या मारत गेलो तशी ती सरकत ओढ्यापलीकडे गेली आणि खिंडीच्या तोंडाशी थांबली. मी तिला तीनदा वेगवेगळ्या जागेवरून सोडलं. तीनही वेळा ती तिथंच आली. मला रडू आलं, खरंच आलं, वर्गातल्या फळ्याकडं तोंड करून.

सर आले तेव्हा मी घाबरत चूक कबूल केली. ते रागावले तर नाहीतच, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गुरुजी, हे कॉलेजात कुणालाही सापडलं नसतं. रिकामी पानं! छान. सगळं लिहून द्या." मी लिहून दिलं, खाली सही केली. त्यांनी कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. नवी पिशवीही नेली.

त्या रविवारी मी खिंड चढून वर गेलो आणि आक्काला सांगितलं, की दवाखाना खिंडीत येतोय. तिनं म्हशीचं दूध तापवलं आणि साखर घालून मला पेलाभर दिलं. मेव्हणाही हसला. वाडीतली चार माणसं ओट्यावर जमली, त्यांनाही मी सांगितलं. मी सांगितलं, हे विसरता येत नाही.

वैशाखात सगळ्या वस्त्यांना शाळेत बोलावलं. गटविकास अधिकारी खुर्चीवर, शेजारी सरपंच, आणि मधे फळी. वाड्यांची माणसं पहाटे निघून आली होती. आक्का सहा महिन्यांची पोटुशी, तीही डोंगर उतरून आली होती. कडेला भिंतीला टेकून बसली होती.

सरांनी छान सांगितलं. सुतळ्या, पिशव्या, ओढाताण. लोकांना पटलं, कारण ओढाताण सगळ्यांना कळते. मग ते म्हणाले, "आणि हे आकडे मी आणलेले नाहीत. तुमच्या गुरुजींनी दारोदार हिंडून आणलेत. ही त्यांची सही." त्यांनी कागद वर धरला. लोक माझ्याकडं वळून बघू लागले.

मी पुढं होऊन फळीखाली बघितलं. खालच्या गावाच्या सुतळीला जाडजूड पिशवी लटकत होती. टाका पांढरा. जुनी पिशवी.

मी सरांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी गाठ सोडली. ती धावत गेली आणि भोकात बसली.

सरपंच उठून म्हणाले, "फळीनंच सांगितलं म्हनल्यावर आमी कोन न्हाई म्हननारं? दवाखान्याला माजी रस्त्याकडची जागा फुकट देतो." टाळ्या झाल्या. खालच्या गावानं वाजवल्या ते ठीक, पण वाड्यांच्या माणसांनीही वाजवल्या. फळी कुणाची बाजू घेत नाही, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं: पिशवी जुनी आहे. माझं तोंड उघडलं नाही. अधिकारी समोर, सही माझी, चूक माझी, आणि सरांना चारचौघांत खोटं पाडायची माझी छाती नव्हती. मला वाटलं, ह्यात काहीतरी कारण असेल, मला न कळणारं. सरांचं चुकत नाही, ही माझी सवय होती. आक्का भिंतीचा आधार घेत उठली, पदर सावरला आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर सरपंचाच्या बैलगाडीत बसून पौडला निघाले, तेव्हा मी गाडी अडवली.

"सर, पिशवी जुनी होती."

"माहीत आहे," ते म्हणाले. ते खाली उतरले आणि मला रस्त्याच्या कडेला घेऊन गेले. "गुरुजी, खिंडीपाशी जमीन कुणाची? वनखात्याची. ती मिळायला दहा वर्षं जातील. तोवर मंजुरी दुसऱ्या खोऱ्यात जाईल. सरपंच आजच्या आज जागा देतात. काही नसण्यापेक्षा हे बरं नाही का?"

"मग तसं सांगायचं होतं. जागा मिळाली म्हणून इथं. फळी कशाला?"

ते म्हणाले, "सरपंचाचं ऐकलं असतं का वाड्यांनी? मारामाऱ्या झाल्या असत्या. फळीचं ऐकलं. खरं म्हणजे तुमचं ऐकलं."

असं म्हणून त्यांनी आतल्या खिशातून माझा दुसरा कागद काढला, घडी तशीच होती, आणि माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच असू द्या. फळीही शाळेला ठेवा, मुलांना दाखवायला." पुढं त्यांचा आमच्या खोऱ्यावर लेख छापून आला. त्यांनी एक प्रत पाठवली, आत माझे आभार मानलेले. मी ती चुलीत घातली.

पाऊस लागायच्या आधी आक्का खाली आली. नवऱ्यानं ऐकलं नाही, आणि आता तिच्याकडंही बोलायला काही उरलं नव्हतं. म्हशी विकल्या. दवाखान्याचं काम चालू होतं त्यामागं सरपंचाच्या गोठ्याला लागून एक खोली मिळाली. श्रावणात मुलगा झाला, सुखरूप झाला. दवाखान्याला अजून छप्पर नव्हतं. सुईणीनंच केलं सगळं. मी बघायला गेलो तेव्हा तिनं पोर माझ्या मांडीवर दिलं आणि एवढंच म्हणाली, "तू सांगितलंस म्हनून मी वाट बघितली. तू नसतास बोलला तर आमी चैतातच आलो असतो, म्हशी तवा दुधाच्या व्हत्या, चांगल्या भावानं तरी गेल्या असत्या."

तिचा राग दिसत नव्हता. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दवाखाना झाला. मग त्याच्यापर्यंत सडक आली, सडकेवर एसटी आली, एसटीपाशी दुकानं आली. वरच्या वाड्यांतली माणसं एकेक करून उतरू लागली. कुणाचं म्हातारं आजारी, कुणाची सून अडलेली, कुणाला पोरं शाळेत घालायची. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि वाट एकच. आणि मुंबईला जायलाही आता त्यांना खालच्या गावात ओळखी मिळाल्या.

दहा वर्षं गेली, तरी माझा राग तसाच होता. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं, की पुन्हा मोजायचं. ह्या वेळी चोख, रिकामं पान एकही नाही, रात्री इथं निजतो तोच माणूस धरायचा. गाठ कुठं थांबते ते सरांना पत्रानं कळवायचं, सहीनिशी, म्हणजे त्यांना कळेल त्यांनी काय केलं. मी महिनाभर हिंडलो. वरच्या वाडीत तीन घरांत धूर होता. आक्काच्या घराचे वासे कुणी काढून नेले होते. जांभूळ होती. धनगरवाड्यात एक म्हातारा आणि त्याची मेंढरं. मी जे आहे ते लिहीत गेलो आणि मनातून कळत गेलं, तरी शेवटपर्यंत लिहिलं, कारण तसं करायला मला शिकवलं होतं.

फळी शाळेत पोरांनी बसायला घेतली होती. ती धुऊन घेतली, नव्या सुतळ्या ओवल्या, वाळू तोलली, गाठ सोडली. ती सरळ गेली आणि खालच्या गावाच्या भोकात बसली. मी एकेक पिशवी उतरवून पुन्हा तोलली. सगळं बरोबर होतं. कागदावर आता सर खरे ठरत होते आणि मी काही लिहून पाठवू शकत नव्हतो. त्यांनी एकदा मला फसवलं होतं. आता फळीनंही फसवलं, आणि तिची तर काहीच चूक नव्हती.

तसाच उठून आक्काकडं गेलो. ती दारात बसून सुपात तांदूळ पाखडत होती.

"मोजलं?" तिनं विचारलं. "कुटं थांबली गाठ?"

"हितंच. दवाखान्यावर."

"म्हंजी साहेब खरं बोललं व्हतं."

माझं डोकंच फिरलं. "न्हाई, आक्का! तवा खोटंच व्हतं. त्यांनी दवाखाना हितं बांधला म्हनून तुमी समदी खाली आलासा, आन् तुमी आलासा म्हनून आता त्ये खरं झालं. आधी खोटं बोलायचं आन् मानसांकडनं त्ये खरं करून घ्यायचं!"

ती ऐकत होती. सूप थांबलं होतं. ती म्हणाली, "वरच्या वाडीत किती धरलंस?"

मी आकडा सांगितला.

"आन् माजा थोरला?"

मी मान वर करून खिंडीकडं बघितलं.

"त्यो तिथंच हाय की," ती म्हणाली. "पाऊस आसू, ऊन आसू. ह्यो पोटात व्हता तवा तू त्याला धरला न्हाईस, म्हनलास हितं न्हाई त्याला धरता येत न्हाई. मुंबईवाले हितं नव्हते, त्यांची वाळू मातुर तू टांगलीस. आमच्या समद्या वाडीत कंदी न हलनारं मानूस येक, आन् त्यालाच तू मोजत न्हाईस."

तिनं पुन्हा सूप हातात घेतलं.

मी शाळेत परत आलो. ऊन अजून होतं. धोतराच्या काठाची एक चिंधी फाडून लहानशी पुरचुंडी बांधली, तिच्यात मासाभर वाळू घातली, थोडी जास्तच, आणि वरच्या वाडीच्या सुतळीला बांधली. फळीला टिचकी मारली. मग आणखी एक मारली, मग मूठ आपटली. गाठ जागची हलली नाही.